मुलाशी बोलायला वेळ कोणापाशी आहे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला. अशा माणसाने लहान मुलांच्या बोलण्याविषयी का बोलावे, असे आपणांस वाटेल. माझे उत्तर असे की, मूल बोलके होणे वा अबोल राहणे हा पुष्कळ अंशी वेळेच्या वाटपाचा प्रश्न आहे. आणि वाटप हा तर आपला नित्याचा विषय!

मुलाने हुंकार द्यावा, मोठ्याने त्याला प्रतिसाद द्यावा, पुन्हा मुलाची पाळी यावी, अशा देवघेवीतून वाचा फुटते. एका चेंडूवरून दोन मुले भांडतात, रुसतात, मग पाळीपाळीने खेळू लागतात. समाजजीवनाचा पहिला धडा तेथे मिळतो. मोबाइलचा पडदा अखंड बोलतो, परंतु मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. पहाटेच उसाच्या फडावर जाणाऱ्या आईने तरी थांबावे केव्हा? तिला उपदेश करणारे तिच्या मजुरीचा दर मात्र विचारीत नाहीत.

यावरचा मार्ग महाराष्ट्रात फार पूर्वी दाखविला गेला. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडीची कल्पना ती हीच. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जेथे आहे तेथे जाऊन त्याच्याशी बोलायचे, हे त्या कार्याचे सूत्र होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोचली. परंतु सेविकेने आहार वाटायचा, वजने घ्यायची, लसीकरणाला मदत करायची, घरभेटी द्यायच्या, 2021 पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी भरायच्या, आणि उरल्या वेळात मुलांशी बोलायचे! रोज गप्पा मारणाऱ्या सेविकेलाच एखादे मूल हाकेला ओ देत नाही हे वेळेवर कळते, आणि त्याचे कान तपासले जातात. नोंदवहीत मान घातलेल्या सेविकेला ते कसे कळावे?

तिच्या श्रमाला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला. तरीही वेतन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांना डिसेंबर 2023 मध्ये संपावर जावे लागले. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील बालके मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. ज्या वयात भाषा घडते, नेमके तेच वय हक्काबाहेर राहिले!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बालशिक्षणासाठी स्वतंत्र सेविका हवी. वारली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारी व्यक्ती हवी. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या तळांवर पाळणाघरे हवीत. सेविकेला वेतन हवे.

आणि एक काम आपले स्वतःचे. आपल्या सभांत आईबरोबर आलेल्या मुलाला आपण 'गप्प बस' म्हणतो. उद्या सभेत ज्यांनी उठून बोलावे अशी आपली इच्छा आहे, त्यांना आपणच आज गप्प बसवितो. पुढच्या सभेत त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा, काही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.