सरासरीत हरवलेली तलासरी

(डहाणू रोड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



आकडेशास्त्र हा विषय कार्यकर्त्यांना रुक्ष वाटतो. मोर्चात आणि सत्याग्रहात जो आवेश असतो तो कोष्टकांत नसतो. परंतु सरकारचा पैसा कोठे जाणार, मजुरीचा दर किती वाढणार, कोणता मुलूख मागास मानायचा, हे अखेरीस कोष्टकांच्याच आधारे ठरते. म्हणून ती कोष्टके कशी तयार होतात हा राजकारणाचा प्रश्न आहे.

एक उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी होते. हा तालुका तेव्हा ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत होता, त्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाख आणि तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे १४ टक्के. ठाणे, कल्याण, नवी मुंबईची कारखानदारी आणि तलासरीच्या पाड्यावरचे भाताचे खाचर यांची बेरीज करून तिला जिल्ह्यातील माणसांनी भागले की जे दरडोई उत्पन्न निघते, ते ना कल्याणच्या कामगाराचे असते ना तलासरीच्या वारल्याचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच जनगणनेचे आकडे नव्या हद्दीत मांडले, तर आदिवासींचे प्रमाण ३७ टक्क्यांवर जाते. माणसे तीच, दारिद्र्य तेच. बदलला तो भागाकार. वसई-विरारची महानगरी वस्ती याच जिल्ह्यात असल्याने सरासरीचा पडदा अजूनही पुरता हटलेला नाही.

आज सरकारी आकडेवारीची सारी यंत्रणा नव्याने उभारली जात आहे. तिचे मूल्यमापन करताना मागचा वारसा विसरता कामा नये. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गावोगाव जाऊन कुटुंब काय खाते, काय नेसते, किती दिवस काम मिळते, हे विचारण्याचा तो उपक्रम त्या काळी जगात अपूर्व होता. याच पाहणीच्या आधाराने वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दाखवून दिले की, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळत नव्हते. दारिद्र्य ही भावनेची बाब न राहता हिशेबाची बाब झाली, आणि हिशेब नाकारणे सत्ताधाऱ्यांना अवघड गेले.

आता यंत्राकडे वळू. पूर्वी अन्वेषक कागदी अनुसूची भरत असे. ती कार्यालयात जाई, तपासली जाई, मग संगणकात उतरवली जाई. चूक सापडेपर्यंत ते कुटुंब कोठल्या कोठे गेलेले असे. निष्कर्ष हाती पडायला वर्ष-दोन वर्षे लागत. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत अन्वेषकांच्या हाती टॅबलेट आला. उत्तर विसंगत असेल तर यंत्र तेथेच हरकत घेते, आणि माहिती थेट मध्यवर्ती संगणकात जमा होते. श्रमशक्तीच्या पाहणीचे आकडे २०२५ पासून दरमहा मिळू लागले, आणि नमुना निवडताना जिल्हा हा पायाभूत घटक मानला जाऊ लागला. ही प्रगती खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. श्रमिकांच्या चळवळीला शिळ्या आकड्यांत हितसंबंध असण्याचे कारण नाही.

परंतु यंत्राला विचारलेलेच कळते, आणि जो दारात उभा असतो त्याचेच उत्तर मिळते. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तरुण गुजरातच्या मच्छिमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. घराला कुलूप दिसले की नमुना पाहणीत त्याच्या जागी दुसरे घर घेतले जाते. दुसरे घर म्हणजे अर्थातच जे गावात राहू शकले ते. अशा रीतीने जो सर्वांत गरजू, तोच नमुन्यातून निसटतो. चालू साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. कितीही वेगवान संगणक आणला तरी या व्याख्येतून अर्धपोटी मजूर रोजगारीतच दिसणार. वेग वाढला म्हणून दृष्टी वाढत नाही.

पिकांच्या आकडेवारीचेही तेच. पूर्वी तलाठी बांधावर जाऊन सातबाऱ्यावर पीक नोंदवीत असे; निदान तसा नियम होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली आणि आपल्या पिकाचे छायाचित्र मोबाईलवरून पाठवण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. तलाठ्याच्या मर्जीतून सुटका झाली, हा लाभच. पण ज्याच्याकडे तसा मोबाईल नाही, ज्याच्या पाड्यावर जाळे पोचत नाही, ज्याच्या कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, त्याच्या पिकाची नोंद कोण करणार? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकरी चालत गेले, ते वनजमिनीच्या हक्कासाठी. कसणाऱ्याचे नाव दप्तरात नसेल तर त्याचे पीक आकडेवारीत येत नाही, आणि आकडेवारीत नसलेल्या पिकाची नुकसानभरपाईही मिळत नाही.

मजुरीचा प्रश्न तर थेट याच आकड्यांशी बांधलेला होता. केंद्राच्या रोजगार हमीतील मजुरीचा दर २०११ पासून शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडला गेला. त्या निर्देशांकाचे आधारवर्ष १९८६-८७ होते आणि त्यातील खर्चाची विभागणी १९८३ च्या पाहणीवरून घेतलेली होती. औषधपाणी, प्रवास, मुलांचे शिक्षण, मोबाईल यांवरील खर्च वाढत गेला, तरी मजुराचा संसार कागदोपत्री १९८३ मध्येच थांबलेला राहिला. २०१९ हे नवे आधारवर्ष घेणारी मालिका प्रत्यक्षात आली ती २०२५ साली. मधल्या काळातील जुन्या मापाचा भुर्दंड मजुरानेच सोसला.

मापाचा लढा या भूमीला नवा नाही. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये ही होती. वजन किती आणि दाम किती हे सावकार-जमीनदाराने एकतर्फी ठरवू नये, इतकाच तिचा अर्थ होता. आज तराजूच्या जागी टॅबलेट आला आहे. तराजू कोणाच्या हाती, हा प्रश्न कायम आहे.

आणि तराजू नवा असला तरी वजन लपवता येते. २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणार नसल्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, रोजगाराची आकडेवारी रोखली गेल्याच्या प्रश्नावर राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले होते. या आयोगाला आजवर कायद्याचे अधिष्ठान मिळालेले नाही. संगणक अद्ययावत करणे खर्चाचे काम आहे. आयोगाला स्वायत्तता देणे इच्छाशक्तीचे काम आहे. पहिले होते आणि दुसरे होत नाही, यातच सारे आले.

कार्यकर्त्यांपुढचे तातडीचे काम जनगणनेचे आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे, आणि प्रत्यक्ष माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत व्हायची आहे. फेब्रुवारी हा भट्ट्यांचा ऐन हंगाम. मोजणीच्या साऱ्या काळात जो घरापासून दूर असतो, त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे होते. म्हणजे तलासरीचे कुटुंब एक तर भिवंडीच्या खात्यात जाईल, नाही तर कोठेच जाणार नाही. आदिवासी उपयोजनेचा निधी आणि राखीव जागा लोकसंख्येवर ठरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या गैरहजेरीची किंमत कळते.

म्हणून कोणत्या पाड्यावरची किती कुटुंबे कोणत्या भट्टीवर गेली आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी जानेवारीतच करावी. ती दोन्हीकडच्या जनगणना अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. भट्ट्यांवर प्रगणक पोचला की नाही, हे समक्ष पाहावे. वारली बोलणारा माणूस प्रगणकासोबत असावा, असा आग्रह धरावा. तालुकावार आकडे विनाविलंब आणि मराठीतून प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे न्यावी.

या कामात घोषणा नाहीत आणि हारतुरेही नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि पाड्यापाड्यावर जाण्याची तयारी एवढ्यावर ते होते. फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी ते हाती घेतले पाहिजे; कारण एकदा मोजणी संपली की राहून गेलेल्या माणसाला पुढच्या जनगणनेपर्यंत कोणी विचारणार नाही.