आगीच्या प्रसंगी वर्ग बाहेर कसा पडतो?

(शिक्षक परिषदेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून, ‘संगणकाचा आणि आमच्या दोनशिक्षकी शाळेचा संबंध काय?’ असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. तो संबंध फार निकटचा आहे, हेच मला सांगावयाचे आहे.

माणसे इमारतीत ठेवून खरोखरीची आग लावून पाहणे, हा प्रयोग कोणासही करता येणार नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तो संगणकावर मांडला. संगणकात इमारतीचा नकाशा घालावयाचा, प्रत्येक माणसास एक ठिपका मानावयाचे, त्यास चालण्याचा वेग, शरीराची रुंदी, दाराकडे जाण्याची ओढ आणि शेजाऱ्यास व भिंतीस टाळण्याची प्रवृत्ती द्यावयाची आणि पुढे काय घडते ते पाहावयाचे. यास प्रतिरूपण म्हणतात.

डर्क हेलबिंग, इलेश फार्कश व तमाश विचेक या तिघांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५ मीटर लांब व तितकीच रुंद खोली, २०० माणसे आणि १ मीटर रुंदीचे एकच दार, अशी त्यांची मांडणी होती. प्रत्येकाची धाव सेकंदाला सुमारे दीड मीटरच्या पुढे नेऊ पाहताच सर्वांना बाहेर पडण्यास लागणारा वेळ घटण्याऐवजी वाढू लागला. दगडी कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्यास अडवून धरतो, तशीच दाराशी शरीरांची कमान बनते आणि वाट बंद होते. ‘घाईने वेळ वाचतो’ ही आपली समजूत दाराशी खोटी ठरते.

दुसरी गोष्ट दाराच्या निवडीची. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉरविक येथील एका रंजनगृहास २० फेब्रुवारी २००३ रोजी आग लागली. तीत १०० माणसे दगावली. बाहेर पडण्याचे अन्य मार्ग असूनही पुष्कळ लोक, ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे वळले आणि दीड मिनिटाच्या आतच तेथे माणसांचा खच पडून वाट तुंबली. तेथील शासकीय संशोधन संस्थेने पुढे या घटनेचा अभ्यास संगणकीय प्रतिरूपणाच्या साहाय्यानेही केला. वापरात नसलेले दार संकटकाळी आठवत नाही, हा त्यातील बोध.

तिसरी गोष्ट चालू लागण्यापूर्वीच्या वेळेची. धोक्याची सूचना मिळाली तरी माणसे लगेच निघत नाहीत. ती एकमेकांकडे पाहतात, सामान आवरतात. प्रतिरूपणात हा वेळही धरावा लागतो. लहान मुले तर शिक्षकांच्या शब्दाचीच वाट पाहतात. तो शब्द वेळेवर निघणे, हे कोणत्याही यंत्राचे काम नव्हे. ते आपले आहे.

हे सारे परदेशचे, असे कोणी समजू नये. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भात निर्देश देताना, सुरक्षित शाळेत शिकणे हा बालकाच्या शिक्षणहक्काचाच भाग मानला.

मात्र संगणकास जेवढे सांगावे तेवढेच तो जाणतो. प्रारंभीची बरीचशी माहिती प्रौढांच्या चालण्यावरून घेतलेली होती. पहिलीतील मूल तसे चालत नाही. म्हणून आपल्या शाळेचे प्रतिरूपण आपणच करावे. वर्गाचा नकाशा कागदावर काढून मुलांकडून त्यावर चिंचोके सरकवून घ्यावेत. मग घड्याळ लावून, न धावता, रांगेने वर्ग बाहेर काढावा. एकदा नेहमीच्या दाराने, एकदा दुसऱ्या दाराने. फिरतीवर मला कित्येक ठिकाणी दुसऱ्या दारास कुलूप आणि त्याच्या आड मोडकी बाके दिसतात. ती बाके हलविण्यास पैसा लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

पोषण आहार शिजविण्याची जागा वर्गाच्या वाटेवर नाही ना, हे उद्याच पाहावे आणि मोजलेला वेळ दर सत्रास नोंदवहीत लिहावा. पुढील भेटीत मी हजेरीपटाबरोबर ती नोंदही पाहीन, एवढे सांगून आपली रजा घेतो.