मेंदूतले रसायन आणि आपला सोबती
(लखनौ येथील मराठी कामगारांसमोर केलेले भाषण)



चारबागच्या गाड्यांवर आणि टपालाच्या सॉर्टिंगमध्ये रात्रपाळ्या काढणारे आपण लोक. सोबती गप्प झाला की 'मनाने खचला' म्हणून मोकळे होतो. 1976 साली स्टॉकहोममध्ये मारी ऑसबर्ग व सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातला द्रव तपासला. सेरोटोनिन खर्च झाल्यावर उरणारे द्रव्य ज्यांच्यात कमी, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न अधिक आढळले. पण रक्त तपासून धोका सांगणारी खात्रीची चाचणी आजही नाही. आणि सलग ड्युट्या, कर्ज, अपमान यांचा हिशेब रसायनाच्या खात्यावर टाकून प्रशासनाला सोडून द्यायला आम्ही तयार नाही.

धोका ओळखायचा तो लक्षणांवरून. पहाटे उडणारी झोप, मेलेली भूक, सततची तगमग, 'माझा सगळ्यांना भार झालाय' ही भाषा. अशा सोबत्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नका. लखनौत नूर मंझिल 1950 पासून आहे, किंग जॉर्ज मेडिकल विद्यापीठाचा मानसोपचार विभाग आहे, फोनवर टेली-मानस 14416. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

पोलिसांची धास्ती नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानते. जुने कलम 309 तर जुलै 2024 पासून गेलेच. रजेचा अर्ज त्याच्याच्याने लिहवत नसेल, तर शाखेत आणा, आम्ही लिहून देऊ.