आधी चूल, मग देऊळ

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त भरलेल्या ग्रामसभेतील भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम तडीस गेले. देणगीदारांची यादी आताच वाचून झाली. तीत मोठ्या रकमा देणारांच्या जोडीने ज्यांनी पायली-दोन पायली ज्वारी दिली, ज्यांनी आठ दिवस अंगमेहनत केली, त्यांचीही नावे आली, हे फार योग्य झाले. आजच्या भाषणाला समितीने विषय दिला आहे अन्नदानाचा. अन्नदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भंडारा येतो. मोठमोठ्या कढया, बुंदीच्या राशी, पंगतीवर पंगती. भंडाऱ्याची थोरवी कोणी कमी करू नये. परंतु खरे बोलायचे तर भंडाऱ्यात जेवणाऱ्या शंभरांतल्या बहुतेकांच्या घरी त्या दिवशीही चूल पेटू शकली असती. तो प्रसाद आहे, आनंद आहे. भूक भागवणे ही गोष्ट थोडी निराळी आहे. त्या निराळ्या गोष्टीसाठी एका परमुलखातील चुलीची हकीकत येथे सांगायची आहे.

तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात वडलूर नावाचे गाव आहे. शेजारीच नेयवेली, जिथे जमिनीतून लिग्नाइट कोळसा काढतात. चिदंबरमचे नटराजाचे देऊळ पुष्कळ यात्रेकरूंना ठाऊक असते, ते या भागातलेच. या वडलूरला एक चूल आहे. ती २३ मे १८६७ रोजी पेटवली आणि तेव्हापासून विझू दिलेली नाही, असे तेथील लोक सांगतात. चूलही आपल्या घरातल्यासारखी नव्हे. लांबी एकवीस फूट, रुंदी अडीच फूट. लांबलचक चर असावा तशी ती दिसते आणि तिच्यावर ओळीने पातेली चढतात. तमिळमध्ये तिचे नावच 'न विझणारी चूल' असे पडले आहे. दीडशे वर्षे उलटून गेली, तरी तिच्यावरचे अन्न दररोज तीन वेळा येईल त्याला मिळते, आणि येणारे शेकड्यांनी असतात.

ही चूल ज्यांनी पेटवली त्यांचे नाव रामलिंग स्वामी. लोक त्यांना वळ्ळलार म्हणतात. वळ्ळल म्हणजे सढळ हाताचा दाता. आपण कर्णाला जसे म्हणतो तसे. गंमत अशी की ज्याला दाता म्हणून ओळखतात त्याच्याजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. १८२३ साली चिदंबरमजवळच्या मरुदूर गावी त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले, मद्रासला थोरल्या भावाच्या आधाराने ते वाढले. त्यांनी भक्तीची हजारो पदे रचली, ती आजही तिकडे घरोघर गातात. मद्रास सोडून ते पुन्हा आपल्या मुलखात आले आणि वडलूरजवळच्या करुंगुळी गावी राहू लागले. १८६६ च्या सुमारास ओरिसापासून मद्रास इलाख्यापर्यंत दुष्काळाची झळ लागली होती. खेड्यापाड्यांतली भुकेली माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

आता असे पाहा. त्यांना देऊळ बांधायचे होते. मनात तसा संकल्प होता, आणि पुढे त्यांनी ते बांधलेही. पण आधी त्यांनी जेवणाची शाळा काढली. तिचे नाव सत्य धर्मशाला. आपल्याकडे धर्मशाळा म्हटले की यात्रेकरूंनी उतरायची जागा. तिकडची ही धर्मशाला मात्र जेवणासाठीच. इमारत म्हणाल तर सुरुवातीला मातीच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. आजूबाजूच्या लोकांनी सुमारे ऐंशी काणी जमीन दिली. काणी हे तिकडचे माप. आपल्या हिशोबाने शंभर एकरांच्या वर जमीन झाली. कोणा राजाने ती दिली नाही, कोणा एका सावकारानेही नाही. गावच्या लोकांनी दिली. देवळाची पाळी त्यानंतर पाच वर्षांनी आली. २५ जानेवारी १८७२ रोजी, पौष महिन्यातल्या पूसम उत्सवाच्या दिवशी, सत्य ज्ञानसभा हे अष्टकोनी मंदिर त्यांनी उघडले. आत मूर्ती नाही. सात पडद्यांच्या आड एक ज्योत आहे. अजूनही त्या उत्सवाला लाखो माणसे तिच्या दर्शनाला लोटतात.

या देवळाच्या दाराशी एक अट लिहिलेली आहे: ज्यांनी हिंसा व मांसाहार सोडला त्यांनीच आत यावे. स्वामी त्या बाबतीत फार कडक होते. पण जेवणाच्या शाळेला ही अट त्यांनी लावली नाही. तेथे जो भुकेला येईल तो जेवेल. त्याची जात कोणती, धर्म कोणता, मुलूख कोणता, आचरण कसे, हे विचारायचे नाही. देवळाला अट आहे आणि चुलीला नाही, यातला फरक मंडळींनी नीट ध्यानात घ्यावा. त्या काळी, म्हणजे १८६७ साली, एका खेड्यात असे करणे हे काय दिव्य होते याची कल्पना आज करणेही कठीण आहे. कर्मठांनी त्यांना विरोध केलाच.

त्यांनी 'जीवकारुण्य ओळुक्कम' नावाचे गद्य पुस्तक लिहिले. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा: जिवांवर दया हा आचार. त्यात भुकेचे वर्णन एखाद्या वैद्याने करावे तसे केलेले आहे. भुकेने बुद्धी कशी मंदावते, डोळे कसे खोल जातात, कान कसे गुणगुणू लागतात, माणसाचे मनच कसे त्याच्या हातचे राहत नाही, हे सगळे एकामागून एक येते. भुकेल्याला खाऊ घालणे हीच मोक्षाच्या घराची किल्ली, असे ते म्हणतात. आणि लग्नकार्यातल्या खर्चावर तर त्यांनी चांगलीच टीका केली आहे. मांडव, वाजंत्री, वरात, पक्वान्ने यांवर पैसा उधळायचा आणि बाहेर उपाशी उभा असलेल्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही, याने कोणाचे कल्याण होते, असा त्यांचा सवाल आहे. हा सवाल तमिळ मुलखापुरता आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या तालुक्यातल्या मागच्या लग्नसराईची आठवण करावी.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण ते आपल्याच माणसांचे आहे. वडलूरहून दक्षिणेला कुंभकोणम ओलांडले की तंजावर. तेथे १८५५ पर्यंत भोसल्यांचे मराठी राज्य होते. तेथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मोठा मराठी शिलालेख १८०३ सालचा आहे, तो जाणाऱ्याने अवश्य पाहावा. या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर जागोजाग छत्रे बांधली. छत्र म्हणजे आपले अन्नछत्रच. सरफोजी महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला जे पत्र लिहिले त्यात या छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातीपर्यंत, जोगी, जंगम, सर्वांना भात मिळे. शिजवलेले न खाणाऱ्यांना कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची देखभाल, तान्ह्या मुलांना दूध, पोरक्या मुलांना शिक्षण. आणि एक गोष्ट फार मनाला लागते. मध्यरात्रीपर्यंत वाढप चाले. मग घंटा वाजवीत आणि जो कोणी जेवायचा राहिला असेल त्याने यावे म्हणून पुकारा करीत. राजाने रात्री बारा वाजता उपाशी माणसाला हाक मारायची! आपल्या इतिहासात किल्ले आणि लढाया भरपूर वाचायला मिळतात. ही घंटा मात्र फारशी कोणी ऐकलेली नाही.

पण छत्रे राजाच्या इनामावर चालत. १८५५ साली राजे निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि छत्रांचा कारभार आधी सरकारकडे व मग लोकल बोर्डांकडे गेला. दप्तर बदलले की घंटा वाजवणारा कोण राहतो, हे सांगायला नको. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही तशीच पाहावी. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार रयतेला खुले केले. धन्य ते! पण कोठार बादशहाचे होते, आणि दामाजीपंत एकच होते.

वडलूरचे तसे नाही. ३० जानेवारी १८७४ रोजी रामलिंग स्वामी जवळच्या मेट्टुकुप्पम गावी एका खोलीत गेले, दार लावून घेतले, आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत. भक्त त्यावर एक सांगतात, इतर लोक दुसरे. इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या जिल्ह्याच्या माहितीपुस्तकातही या प्रकाराची नोंद आहे. आपला मुद्दा एवढाच की चालवणारा गेला. आणि अडीच वर्षांत, १८७६ साली, दक्षिणेतला तो भयंकर दुष्काळ पडला. आपल्याकडे सोलापूर, सातारा, पुणे, नगर या भागांनाही त्याने झोडपले. १८७८ पर्यंत दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दगावली. सरकारने ज्या बड्या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवले त्याचे आडनाव होते टेंपल, म्हणजे देऊळ! या देऊळसाहेबांनी दिवसभर खडी फोडणाऱ्याला सुमारे एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य पुरेल असा हिशोब बसवला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्यावर काम बंद केले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. चूल अखंड आहे असे वडलूरचे लोक म्हणतात त्यात ही तीन वर्षेही आलीच.

चूल टिकली ती कशी? एक म्हणजे, तिचे तांदूळ एका घरचे नव्हते. शेतकरी सुगीला पोती आणून टाकतात, व्यापारी डाळ-तेल पाठवतात, भाजीवाले भाजी, कोणी सरपण, आणि ज्याच्याजवळ काही नाही तो चिरायला, निवडायला, वाढायला बसतो. एखाद्या घरची आवक आटली तर दुसऱ्या घरची असते. पुढे संस्थानाचा कारभार तमिळनाडू सरकारच्या धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली आला, तरी धान्य येते ते लोकांकडूनच. दुसरे म्हणजे, तिथे विशिष्ट तिथीचे जेवण नाही, रोजचे आहे. रोजचे असले की देणाऱ्याला मिरवायला जागा राहत नाही आणि घेणाऱ्याला लाजायला. पंगतीत बसलेला यात्रेकरू कोण आणि खरोखर उपाशी कोण, हे वाढणाऱ्याला कळत नाही, कळायची गरजही नाही.

कोणी म्हणेल, आता हे कशाला? रेशन आहे, शाळेत खिचडी आहे. खरे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी लाल मिलो खाऊन, बंडिंगच्या कामावर सुकडीची वाट पाहून दिवस काढले, त्यांना विचारा. परंतु सरकारी धान्याला कागद लागतो आणि कागदाला माणूस एका जागी असावा लागतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घरी राहिलेले म्हातारे, वेगळ्या झालेल्या मुलाच्या कार्डात अडकलेले नाव, खुरपून खुरपून बोटांचे ठसे झिजल्याने यंत्र ज्यांचा अंगठा घेत नाही त्या बाया, हे सगळे कचेरीच्या दारात रोज दिसणारे लोक आहेत. त्यात कोणा एकाचा दोष असतोच असे नाही; अर्ज आपल्या गतीने जातो, पोट आपल्या गतीने. आणि धान्य मिळाले तरी एकट्या, डोळ्यांनी अधू म्हातारीला ते दळायचे, रांधायचे कोणी? आपल्या गावात असे कोणी नाही असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी दिवेलागणीला वाड्या-वस्त्यांवरून एक फेरी मारावी आणि कोणत्या घरावर धूर नाही ते पाहावे. गॅस आल्यापासून धूर दिसत नाही हे खरे. मग दार वाजवून पाहावे.

आता शेवटी आपल्या देवळाची गोष्ट. सभामंडपाच्या मागे दक्षिणेला जी खोली निघाली आहे तिचे काय करावे, यावर समितीत दोन मते आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. दुकानाला भाड्याने दिली तर देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च निघेल, हे एक मत, आणि ते वावगे नाही. दुसरे मत असे की तेथे धान्याची कोठी करावी, सुगीला घरटी एक पायली जमा करावी, वहीत आवक-जावक लिहावी, आणि शेजारच्या ओट्यावर दोन वेळा चूल पेटवावी. घरे किती, पायल्या किती होतील, महिन्याला लागेल किती, याचा आकडा कागदावर मांडून समितीकडे दिलेला आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने चिटणिसांकडे पाहावा. पहिल्या वर्षी एक वेळची चूल निभेल, दोन वेळची निभणार नाही, असे त्यात दिसते.

खोलीला अजून दार बसलेले नाही. दुकान करायचे तर शटर लागेल, कोठी करायची तर घुशी-उंदरांना न जुमानणारे पत्र्याचे दार आणि जमिनीपासून हातभर उंच फळ्या लागतील. सुतार सोमवारी माप घ्यायला येणार आहे.