स्वयंपाकाच्या भांड्यांची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून कोणी गालातल्या गालात हसले असेल, तर त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञानाची आणि राजकारणाची चर्चा होते, तेथे पातेल्याने का यावे? आमचे उत्तर सरळ आहे. तत्त्वज्ञानावाचून माणसाचे चार दिवस निघतात. पातेल्यावाचून एक दिवसही निघत नाही. आणि जे भांडे रोज दोन वेळा आपल्या अन्नाला स्पर्श करते, ते आपण निवडतो मात्र दुकानातली चकाकी पाहून.

गेल्या दोनतीन पिढ्यांत आपल्या स्वयंपाकघरातून दोन लाटा गेल्या. पहिल्या लाटेत तांब्यापितळेची तपेली मोडीत गेली आणि त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील आले. जुन्या लुगड्यांच्या बदल्यात बोहारणीकडूनही आले. दुसरी लाट आजची. तेच पितळ आता ‘आरोग्यदायी’ म्हणून मोठी किंमत मोजून घरी परत येत आहे. भांडे परत आले याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु त्याच्याबरोबर नांदणारे ज्ञान परत आले नाही, ही चिंतेची गोष्ट होय. म्हणून आमचे म्हणणे असे, की भांडे जुने की नवे हे पाहू नये. त्यात काय शिजणार आहे ते पाहावे.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेत. उष्णता कशी पसरते? अन्नाशी धातूचे कसे जमते? आणि निगा कोण राखणार?

पहिला प्रश्न उष्णतेचा. आपल्या वापरातल्या धातूंत तांबे हे उष्णतेचे उत्तम वाहक. ॲल्युमिनियमची वाहकता त्याच्या सुमारे 60 टक्के, पितळेची पाव हिश्शाहून थोडी अधिक, लोखंडाची सुमारे पाचवा हिस्सा. आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम पंचविसावा हिस्सा! पातळ स्टीलच्या पातेल्यात खीर नेमकी ज्योतीच्या डोक्यावर का करपते, याचे हे उत्तर आहे. उष्णता आडवी पसरतच नाही. म्हणून स्टीलचे पातेले घ्यायचे तर जाड बुडाचे, तळाशी ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर असलेले घ्यावे. बिडाच्या तव्याची गोष्ट निराळी. तो सावकाश तापतो, पण जड असल्यामुळे एकदा तापला की लवकर निवत नाही. गार पीठ ओतले तरी तो दबत नाही, आणि घावनाला जाळी सुटते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आपल्या भाषेत एक फार मोलाचा शब्द आहे: ‘कळकणे’. पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते. आंबट पदार्थात तांब्याचे क्षार उतरतात. चव बिघडते, आणि मात्रा वाढली तर मळमळ, उलटी, पोटदुखी होते. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवावे लागले नाही. तो एक शब्द त्यांना पुरेसा होता. तो शब्द आज नव्या घरांतून नाहीसा होत आहे, आणि चिंचगुळाची आमटी मात्र नव्या पितळी पातेल्यात उकळत आहे.

यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे कल्हई. भांडे घासून स्वच्छ करावयाचे, तापवावयाचे, आत नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग निर्मळ करावयाचा, आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने भराभर सर्वत्र फिरवावयाचे. आंबटाने सहज न बिघडणारी पांढरी कथलाची त्वचाच ती! पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे विस्तवावर ठेवू नये, त्यात कोरडे भाजू नये. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतण्याची रीत या भांड्यांना सोयीची होती. घासताना खरखरीत चोथा लावू नये. आतून पितळेचा पिवळा किंवा तांब्याचा लाल रंग डोकावू लागला, की पुन्हा कल्हई करावी. आणि कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्याला अवश्य विचारावे. त्यात शिसे मिसळलेले असेल तर ते विष होय.

लोखंडाचे नाते उलटे आहे. त्याचा जो अंश अन्नात उतरतो, तो शरीराला उपयोगी पडतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोखंडी कढई हे त्यावरचे औषध नव्हे. पण पालेभाजी तिच्यात परतण्याने काही हातभार लागतो. भाजी मात्र शिजताच काढून घ्यावी, नाहीतर काळी पडते. आणि कढई कोरडी करून तेलाचा हात फिरवून ठेवावी.

स्टेनलेस स्टीलची मोठी सोय ही, की आंबटाशी त्याचे सहसा भांडण नाही. आमटी, सार, कढी यांना ते उत्तम. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त खरे, पण उघड्या ॲल्युमिनियमात टोमॅटो, चिंच शिजवू नये व शिजलेले ठेवू नये. न चिकटणाऱ्या तव्यावरील लेप 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेल्या पदार्थाचा असतो. तो तवा रिकामा तापवू नये, त्यावर लाकडी उलथणे वापरावे, आणि लेप खरवडला गेला की मोह न धरता तवा काढून टाकावा.

आता चार माणसांच्या घरी काय घ्यावे? पोळीभाकरीला लोखंडी तवा, घावन-धिरड्यांना बिडाचा तवा, एक लोखंडी कढई, जाड बुडाची दोन स्टीलची पातेली, एक कुकर आणि एक फोडणीची पळी. एवढ्यावर संसार सुखाने चालतो. विजेच्या इंडक्शन शेगडीवर काम करणाऱ्यांनी दुकानात खिशात लोहचुंबक न्यावे. ते बुडाला घट्ट चिकटले तरच भांडे घ्यावे.

उरला निगेचा प्रश्न. पितळेचे पातेले घेण्यापूर्वी आपल्या गावात कल्हईवाला कोठे बसतो, याची चौकशी करावी. तो सापडला तर पातेले खुशाल घ्या आणि त्याला वर्षानुवर्षे काम द्या. सापडला नाही, तर त्या पितळेत धान्य भरा, फुले ठेवा. आमटी मात्र स्टीलमध्येच करा.