बिंदुसरेतली पिशवी आणि पाच हजारांचा दंड

(बीड येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्र, मासळी आणि प्लॅस्टिक हा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. साहजिक आहे. आपला जिल्हा दुष्काळाचा, ऊसतोडीचा. समुद्र आपल्यातल्या कित्येकींनी पाहिलेलाही नाही. पण शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणेचे पाणी माजलगावच्या धरणात अडते, पुढे ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. बिंदुसरेच्या पात्रात फेकलेली पिशवी पहिल्या पुराबरोबर याच वाटेला लागते. वाटेत अडकलेली धरणात राहते. त्याच धरणाचे पाणी बीड पिते, तिथलीच मासळी आपण खातो.

समाजकार्याचे शिक्षण घेताना मी पर्यावरण वेगळे शिकले आणि स्त्रियांचे प्रश्न वेगळे. धरणाकाठच्या भोई बायकांमध्ये काम करू लागले तेव्हा ही वाटणी टिकली नाही.

पुरुष पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढायला जातात. रोहू, कटला, मृगळ काठावर आले की पुढचे सारे बाईचे. निवडणे, टोपली भरणे, बाजार गाठणे, घरी येऊन फाटके जाळे विणणे. त्या सांगतात, आता जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात. त्या सोडवताना जाळे फाटते आणि दुपार जाते. या दुपारची मजुरी कुणी धरत नाही. पूर्वीचे सुती जाळे कुजून जाई. नायलॉनचे कुजत नाही. पाण्यात तुटून राहिले तर कुणाच्याही उपयोगाविना मासे मारत राहते. थर्माकोलचेही दाणे दाणे होऊन पाण्यात पसरतात. तेव्हा दोष फक्त शहराचा नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली ती मार्च २०१८ मध्ये. पहिल्या गुन्ह्याला दंड पाच हजार. त्यानंतर एका बाजारात आमच्यातल्या एका मावशीच्या टोपलीत पिशव्या सापडल्या. दिवसाची कमाई तीन-चारशे. ती मला म्हणाली, "ताई, पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारणीकडं जातं. दिली तर दंड. मी करावं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पिशवी बनवणारा कारखानदार त्या बाजारात नव्हता, आणि पिशवी मागणारी पांढरपेशी गिऱ्हाईकं आपल्यासारखीच होती.

बंदी हवीच. पण तिचा भार सर्वांत खालच्या बाईवर का? दंड करताना ती मासेविक्रेती म्हणून दिसते, पण मच्छीमार संस्थेच्या सभासद यादीत बहुतेक ठिकाणी नवऱ्याचेच नाव. धरण आटले, मासळी मेली, की मदतीच्या यादीतही ती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या मच्छीमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मासे निवडणे, विकणे हीसुद्धा मच्छीमारीच, असे त्यांत मानले आहे. आपल्या तळ्याकाठी ते अजून पोचायचे आहे.

पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचरा वेचणे हे काम आहे, हे त्यांनी शहराला मान्य करायला लावले. आपल्यालाही तेच करायचे आहे.

म्हणून चार गोष्टी. मासळी आणायला जाताना घरून डबा न्यायचा. आणि हे काम घरातल्या पुरुषालाही सांगायचे. पावसाळ्यापूर्वी बिंदुसरेचे पात्र साफ करण्याची मागणी नगरपालिकेकडे लेखी करायची, आणि ते काम कचरा वेचणाऱ्या बायकांना मजुरी देऊन द्यावे असा आग्रह धरायचा. फाटकी जाळी पाण्यात न टाकता जमा करायला काठावर जागा मागायची. आणि मच्छीमार संस्थांत बाईचे स्वतःचे सभासदत्व मागायचे. ती सभासद झाली, तर धरणात काय टाकायचे आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या बैठकीत बसेल.

मावशीला देण्याजोगे उत्तर अजून पुरे झालेले नाही. पण पुढच्या बाजाराला आपण दहाजणी डबे घेऊन तिच्या टोपलीपुढे उभ्या राहू शकतो. तेवढ्यापासून सुरुवात करू या.