रेडिओवरून पेटणारी शेगडी

श्रोतेहो, माझा आवाज आत्ता ज्या वाटेने तुमच्या घरात आला, त्याच वाटेने ब्रिटनमध्ये अनेक वर्षे एक मुका निरोप येत असे. बीबीसीच्या रेडिओ ४च्या दीर्घलहरींवर, निवेदकाच्या आवाजाखाली, कानाला ऐकू न येणारा संकेत मिसळलेला असायचा. इकडे बातम्या चालू, तिकडे लाखो घरांच्या मीटरशेजारची कळ खट्‌कन पडे आणि विजेची शेगडी सुरू होई.

ही शेगडी स्वयंपाकाची नव्हे, खोली उबदार ठेवणारी. तिच्या पोटात जड विटा रचलेल्या. रात्री विजेच्या तारांनी त्या कित्येकशे अंशांपर्यंत तापतात आणि ती ऊब दिवसभर खोलीत झिरपत राहते. आपली आजी रात्री निखाऱ्यांवर राख ओढून सकाळचा विस्तव राखायची ना, त्याच जातीची ही युक्ती.

रात्रीच का? कोळशाचे आणि अणुशक्तीचे मोठे संच रात्री मागणी घटली म्हणून दिव्यासारखे मालवता येत नाहीत. म्हणून रात्रीचे सात तास वीज स्वस्त देणारा ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर १९७८ साली तिथे आला.

गर्दीच्या वेळेचा ताण केवढा असतो पाहा. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने इंग्लंडला पेनल्टींवर हरवले. सामना संपताच घरोघरी चहाच्या विजेच्या किटल्या लागल्या आणि मागणी एकदम २८०० मेगावॉटने उसळली. आपल्या कोयनेची सारी क्षमता १९६० मेगावॉट! दुःखातला चहा कुणी पुढे ढकलत नाही. विटा तापवणे मात्र ढकलता येते. तेही सगळ्यांचे एकाच मिनिटाला नको, नाहीतर मध्यरात्रीच नवी गर्दी. म्हणून घरांचे गट पाडून कळा मागेपुढे पाडत.

वीजजाळ्याची सोय झाली, घरातल्या माणसाचे काय? सकाळी सगळे कामावर जातात तेव्हा रिकाम्या घरात ऊब, आणि संध्याकाळी विटा थंड. शेगडीवर दोन बटणे: एक ऊब किती भरायची याचे, दुसरे किती सोडायची याचे. कित्येक वृद्धांना ती कधी नीट उमगलीच नाहीत. रात्री दुसरे बटण उघडे राहिले की झोपेतच ऊब संपते. मग संध्याकाळी महाग विजेवर दुसरा हीटर लावायचा, नाहीतर घोंगडीत बसायचे. हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी असल्या खोलीत एक संध्याकाळ काढायला हवी होती, असे मला वाटते.

३० जून २०२५ पासून तो रेडिओ-निरोप टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागला. मीटर वेळेत बदलला नाही तर शेगडी कायम चालू किंवा कायम बंद राहू शकते, असा इशारा तिथल्या नियामकाने दिला होता. आता वारा कधी मध्यरात्री सुटतो, ऊन दुपारी पडते. स्वस्त विजेचे तास रोज हलतात आणि ठरावीक सात तासांचे गणित अपुरे पडते.

आपण भारनियमन सोसलेली माणसे. ‘वीज कधी वापरायची’ म्हटले की आपल्याला आधी अंधार आठवतो. पण आपला टाकीचा गिझरही उबेची लहानशी कोठीच आहे. सौरवीज मुबलक असते तेव्हा, दुपारी, तो तापवला तर पाणी संध्याकाळपर्यंत कोमट तरी राहील. मला मात्र ते फजरच्या वजूला, पहाटे, लागते. माझ्या टाकीचे वेष्टन तेवढे जाड नाही.